खेळण्यातला ट्रक खरा कसा दिसतो

भाच्याने पुण्याहून व्हिडिओ पाठवला. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा घाट, घाटात फूटभर लांबीचा ट्रक, आणि तो ट्रक कठडा तोडून खाली पडतो. सोबत लिहिलं होतं, "आत्या, तीन दिवस राबलोय. तरी खेळणंच वाटतंय. कुठे चुकलं?"

मी तो चारदा पाहिला. घाट सुरेख होता, कातळाचा रंगही जमला होता. पण ट्रक पडला कधी आणि संपला कधी ते कळलंच नाही. खरा दहा टनांचा ट्रक दरीत जातो तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायला वेळ मिळतो. शिवाय ट्रक खाली आपटला आणि धुळीचा कणसुद्धा उडाला नाही. ट्रकही कोरा करकरीत, शोरूममधून आणल्यासारखा. ट्रक लहान असल्याची अडचण नव्हती, तो हलका दिसत होता. मी आयुष्यभर ज्या कामात होते त्या सगळ्या कामाचं सार एवढंच होतं: हलक्या वस्तूला पडद्यावर वजन द्यायचं.

भाच्याला फोनवर सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते. मला हे ज्यांनी शिकवलं त्यांनी हातात हत्यार देऊन शिकवलं, कागदावर काही ठेवलं नाही, आणि त्यांच्यातले बरेच जण आता गेले.

माझ्याबद्दल थोडंसं. आम्ही मूळचे कुडाळचे. १९७० साली वडिलांना इंग्लंडात कारखान्यात नोकरी लागली आणि मी नऊ वर्षांची असताना आम्ही लंडनच्या पश्चिमेला स्लाऊ गावात आलो. स्लाऊची ट्रेडिंग इस्टेट म्हणजे कारखान्यांचं शहरच. वारा त्या बाजूचा असला की मार्स कारखान्यातला चॉकलेटचा वास रस्त्यावर यायचा. त्याच इस्टेटवर स्टर्लिंग रोडला, कारखान्यांच्या रांगेत, गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांचा बाहुल्यांचा स्टुडिओ होता. 'थंडरबर्ड्स' या बाहुल्यांच्या मालिकेचे ३२ भाग तिथे तयार झाले, १९६५-६६ साली ते टीव्हीवर आले. आम्ही पोचलो तेव्हा तो स्टुडिओ बंद होत आला होता, पण तिथली माणसं आसपासच होती. १९८३ साली मी बाविसाव्या वर्षी थेम्सच्या खोऱ्यातल्या एका मॉडेल वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागले, तेव्हा आमचे सगळ्यात जुने कारागीर स्टर्लिंग रोडवर काम केलेले होते. टीव्हीच्या बाहुली मालिकांसाठी आम्ही गाड्या, विमानं, इमारती बनवायचो आणि बऱ्याचदा उडवूनही द्यायचो. पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं त्या कारागिराचं आहे, त्यांना मी इथे आजोबा म्हणते.

आधी वर्गमूळ काढा

उंचावरून पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. भाच्याचं टेबल ७५ सेंटीमीटर उंच. तिथून ट्रक पडायला ०.४ सेकंदाच्या आत-बाहेर लागतात. त्याचा ट्रक खऱ्याच्या २५ पट लहान आहे, म्हणजे ती दरी पडद्यावर साधारण १९ मीटरची. एकोणीस मीटरवरून खरा ट्रक पडायला जवळजवळ २ सेकंद घेतो. पाच पट. आणि २५ चं वर्गमूळ ५.

तेव्हा नियम असा: मॉडेल जितक्या पटीने लहान, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि तितक्या पटीने चित्र हळू करा. मॉडेल १६ पट लहान असेल तर ४ पट हळू. २५ पट असेल तर ५ पट. मुठीत मावणारी छोटी गाडी ६४ पट लहान असते, तिला ८ पट.

आमच्या वेळी यासाठी खास वेगवान कॅमेरे भाड्याने आणावे लागत. तुमच्या खिशातला मोबाइल बहुधा सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेतो. १२० फ्रेमने घेतलेलं चित्र २४ फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये एकही फ्रेम न गाळता चालवलं की बरोबर ५ पट हळू होतं, म्हणजे भाच्याच्या ट्रकला नेमकं बसतं. २४० फ्रेमचं चित्र ३० फ्रेमने चालवलं की ८ पट, म्हणजे मुठीतल्या गाडीचं काम झालं. एडिटिंग ॲपमध्ये प्रोजेक्ट उघडतानाच फ्रेमचा आकडा ठरवा. मोबाइलचा स्वतःचा 'स्लो मोशन' परिणाम मात्र बंद ठेवा, तो मध्येच वेग बदलतो.

गणितापेक्षा थोडं जास्त हळू चालतं. खूप जास्त केलंत तर ट्रक चंद्रावर पडल्यासारखा तरंगतो. आजोबा गणित करायचे आणि मग डोळ्याने ठरवायचे.

उजेड

पाच पट जास्त फ्रेम घेतल्या की प्रत्येक फ्रेमला पाचवा हिस्सा उजेड मिळतो. आमच्याकडे त्यासाठी दिव्यांची भट्टी लावत. दुपारपर्यंत मॉडेलवरच्या रंगाला फोड यायचे, मेणाने चिकटवलेले भाग गळून पडायचे. स्लाऊच्या आभाळात ऊन शोधून सापडत नाही, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता.

तुमच्याकडे ऊन आहे. गच्चीवर जा. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, तिरपं ऊन असताना. एकच सूर्य, एकच सावली. दोन ट्यूबलाइट लावून घेतलेल्या शॉटमध्ये ट्रकच्या दोन सावल्या पडतात आणि मग बाकी काहीही केलं तरी तो टेबलावरच राहतो. घरातल्या दिव्यांची आणखी एक खोड आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. नुसत्या डोळ्यांना कळत नाही, पण १२० फ्रेमला चित्र धडधडताना दिसतं.

मोबाइलचा एक मोठा फायदा सांगते. लहान वस्तू जवळून घेतली की पुढचं स्पष्ट आणि मागचं पुसट दिसतं, आणि त्या पुसटपणावरून डोळा लगेच ओळखतो की वस्तू लहान आहे. ते टाळायला आम्ही लेन्सचं तोंड बारीक करायचो आणि मग आणखी दिवे. मोबाइलचा सेन्सर इवलासा, त्यामुळे पुढचं-मागचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. फक्त पोर्ट्रेटसारखे मागचं धूसर करणारे सगळे प्रकार बंद ठेवा.

कॅमेरा जमिनीवर आणा

उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून १६० सेंटीमीटरवर. त्याला २५ ने भागा: ६.४ सेंटीमीटर. तुमची लेन्स तेवढ्याच उंचीवर हवी. भाच्याने उभं राहून शूट केलं होतं, म्हणजे ट्रकच्या मानाने तो १२ मजली इमारतीवरून बघत होता. मोबाइल उलटा धरा, लेन्स खाली येईल अशी, आणि वाळूच्या छोट्या पुरचुंडीवर टेकवा. चित्र नंतर सरळ करता येतं. एवढ्या एका बदलाने फरक पडतो, बाकी काहीही न करता. आजच करून बघा.

रस्ता पळवा

आता चालता ट्रक. इथे गणित अंगावर येतं. खरा ट्रक ताशी ६० किलोमीटरने जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. २५ पट लहान मॉडेल, ५ पट हळू चित्र, हिशोब केला तर मॉडेल सेकंदाला ३.३ मीटर पळायला हवं. तुमचं टेबल अर्ध्या सेकंदात संपलं. आणि तेवढ्या वेगात ट्रक दोरीने ओढला की तो बेडकासारखा उड्या मारतो.

थंडरबर्ड्सच्या इफेक्ट्सचे प्रमुख डेरेक मेडिंग्ज यांनी यावर जो तोडगा काढला तो मला अजूनही अप्रतिम वाटतो. गाडी जागेवर उभी, रस्ता पळतो. दोन रुळांवर कॅनव्हासचा बिनटोकाचा पट्टा, त्यावर रस्ता रंगवलेला. मागे झाडी-डोंगरांचा वेगळा पट्टा जरा सावकाश, पुढे झुडपांचा पट्टा जोरात. आकाशातल्या विमानांसाठी मागे ढगांचाही असाच पट्टा. कॅमेरा आणि गाडी दोन्ही स्थिर, त्यामुळे गाडी कधी चौकटीबाहेर जात नाही आणि हवा तितका वेळ शॉट चालवता येतो.

घरी करायचा असेल तर असा करा. चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन रूळ, आतून लाकडी चकत्या, चकत्यांमधून लोखंडी सळई. जाड कॅनव्हासची पट्टी दोन्ही रुळांवरून घेऊन शिवा, पण शिवण आडवी घालू नका, तिरकी घाला. आडवी शिवण रुळावर आली की सगळा पट्टा एका क्षणी उचकतो. तिरकी थोडी थोडी चढते. वरून वाळू चिकटवायची ती रबरी सोल्यूशनने. फेव्हिकॉल कडक होतो आणि रुळावर वळताना तडकतो. एक रूळ कॉर्डलेस ड्रिलने फिरवा. चार इंची पाइपला मिनिटाला ५८० च्या आसपास फेरे झाले की सेकंदाला ३.३ मीटरचा वेग मिळतो.

पट्ट्याची लांबी महत्त्वाची. तीन मीटरचा पट्टा असेल तर तेच झुडूप सेकंदाच्या आत परत येतं, पडद्यावर साडेचार सेकंदांनी. म्हणजे तुमचा शॉट चार सेकंदांचाच. एवढा पुरतो. ट्रक पुढून तंगुसाने बांधून ठेवा, दोरा बंपरखालून जमिनीलगत न्या. चाकं पट्ट्याच्या घासण्याने आपोआप फिरतील.

पट्ट्याच्या खाली, फळीवर, तीन-चार ठिकाणी पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवा. ट्रक त्यावरून हलके हेलकावतो. आणि ट्रकच्या हौद्यात तळाशी लोखंडी नट भरा. रिकामा ट्रक थरथरतो, भरलेला डोलतो. मी लागले त्या पहिल्या आठवड्यात आजोबांनी माझ्या हातात एकाच आकाराच्या दोन गाड्या दिल्या, एक पोकळ आणि एक शिसं भरलेली, आणि दोन्ही टेबलावर ढकलायला सांगितल्या. बोलले काहीच नाहीत. त्यांची शिकवण्याची रीत तशी होती.

मळवा

नवं मॉडेल रंगवून झालं की आमच्याकडे काम निम्मं झालं असं धरत. उरलेलं निम्मं म्हणजे मळवणं. मेडिंग्ज यांच्या गाड्या आणि विमानं वापरलेली दिसत. रॉकेटच्या तोंडाशी काजळी, दरवाज्यांच्या कडांना झीज, पत्र्याच्या जोडांच्या पेन्सिलने ओढलेल्या रेघा. पुढे याच माणसाने जेम्स बाँडच्या चित्रपटांची मॉडेलं केली आणि १९७८ च्या 'सुपरमॅन'च्या इफेक्ट्ससाठी ऑस्कर मिळवणाऱ्या गटात ते होते. सुरुवात मात्र स्लाऊच्या शेडमधली, लहान मुलांच्या बाहुल्यांच्या मालिकांची.

पद्धत अशी. काळा आणि तपकिरी ॲक्रिलिक रंग भरपूर पाण्यात कालवा, चहाच्या पाण्याइतका पातळ. पूर्ण ट्रकवर लावा, दोन मिनिटं थांबा आणि कापडाने पुसा. पुसताना हात नेहमी वरून खाली, पावसाचं पाणी ओघळतं तसा. खाचांत रंग राहतो, उंचवट्यांवरून निघतो. वाळल्यावर पेन्सिलचं शिसं बोटावर घासून कडांवर फिरवा, पत्रा उघडा पडल्यासारखा दिसतो. चाकांच्या मागे आणि हौद्याच्या खालच्या भागात चिखलाचा रंग ब्रशने शिंपडा. कुठे किती मळ हवा हे कळत नसेल तर रस्त्यावर जाऊन उभा असलेला खरा ट्रक बघा. ड्रायव्हर जिथे पाय देऊन चढतो तिथला रंग गेलेला असतो. डिझेलच्या टाकीखाली ओघळ असतो. मी अजूनही पार्किंगमध्ये गाड्यांच्या कडा बघत थांबते.

बारीक बारीक भाग जोडल्यानेही आकार मोठा भासतो. गुळगुळीत पृष्ठभागावर डोळ्याला मोजायला काही सापडत नाही. आम्ही दुकानातले प्लास्टिकच्या रणगाड्यांचे आणि विमानांचे संच आणून त्यांचे सुटे भाग वाटेल तिथे चिकटवायचो. तुम्ही गोळ्यांची रिकामी पाकिटं, पेनांची टोपणं, जुन्या रेडिओचे भाग, बटणं वापरा. सगळ्यावर एकच राखाडी प्रायमर मारला की टोपण टोपण राहत नाही. थंडरबर्ड्सच्या सेटवर भिंतीत लिंबू पिळायचं प्लास्टिकचं यंत्र बसवलेलं होतं, हे आजोबा फार प्रेमाने सांगायचे.

मुलतानी माती

पहिल्याच दिवशी मला कोपऱ्यातलं एक पोतं दाखवून सांगितलं, यातलं पाच किलो चाळून ठेव. पोत्यावर फुलर्स अर्थ लिहिलेलं. तोंड उघडलं आणि वासाने मी एकदम कुडाळच्या घरात गेले. आई रविवारी न्हाण्याआधी तोंडाला लावायची ती मुलतानी माती. ब्रिटिश टीव्हीवर बाहुल्यांच्या गाड्यांमागे जी धूळ उडते, रॉकेट उतरताना जे लोट उठतात, त्यातलं कितीतरी ही माती होती.

ती इतकी चांगली का, तर तिचा कण अतिशय बारीक. धुळीलाही प्रमाण लागतं. अंगणातली माती वापरली तर तिचा प्रत्येक कण २५ पट मोठा होऊन दगडासारखा दिसतो. मुलतानी मातीचा लोट तरंगतो, फुगतो, सावकाश बसतो. भाच्याच्या घराजवळच्या दुकानात ती किलोने मिळते. ती उन्हात कडक वाळवायची, कुटायची आणि मलमलीच्या दुहेरी कापडातून चाळायची. ओल राहिली तर गोळे उडतात. लाल रस्त्यासाठी तिच्यात थोडी गेरू मिसळा.

रस्त्यावर पातळ थर भुरभुरला की चाकांमागे आपोआप धूळ उठते. आपटण्याच्या जागी मात्र हवा लागते. तिथे टेबलाला बोटाएवढं भोक पाडा, वर लहान फनेल बसवा, फनेलमध्ये दोन चमचे माती सैल भरा, दाबू नका. खालून रबरी नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला सायकलचा पायपंप. ट्रक आदळायच्या क्षणी पंप एका दणक्यात दाबायचा. दोन-तीन फनेल असतील तर एकाच वेळी दाबू नका, एकामागून एक दाबा. आघात पुढे सरकत गेल्यासारखा वाटतो.

आता जरा कळकळीने सांगते. पीठ किंवा कॉर्नफ्लोअर वापरू नका. पिठाची धूळ हवेत पसरली आणि जवळ ज्योत किंवा ठिणगी असली तर ती स्फोटासारखी पेट घेते. सिमेंट वापरू नका, ते डोळ्यांना आणि फुप्फुसांना भाजतं. फटाक्यांची दारू काढून काही करायला जाऊ नका. आमच्याकडे ते काम परवाना असलेला एकच माणूस करायचा आणि त्याच्या परवानगीशिवाय बाकीच्यांनी शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. आणि मुलतानी माती कितीही घरगुती असली तरी एन-९५ मास्क आणि गॉगल लावल्याशिवाय चाळू नका, उडवू नका. पहिली काही वर्षं मी नाकाला रुमाल बांधून काम केलं. आज जिना चढताना मला दोनदा थांबावं लागतं.

फुटणारी भिंत हवी असेल तर प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये निम्मा लाकडाचा भुसा घाला आणि वाळल्यावर मागच्या बाजूने करवतीने वेड्यावाकड्या चिरा पाडून ठेवा. थर्माकोलची भिंत करू नका. त्याचे तुकडे हवेत तरंगतात आणि वजनाचा सगळा खटाटोप वाया जातो.

भिंत एकदाच फुटते, म्हणून क्रम पाठ करा. वेगवान फिल्म कॅमेऱ्याला पूर्ण वेग पकडायला वेळ लागायचा, आणि १२० फ्रेमला ४०० फुटांचं ३५ मिलिमीटरचं रीळ ५३ सेकंदांत संपायचं. तेवढ्यात सगळं घडवायचं. १९८४ च्या हिवाळ्यात माझ्याकडे धरण फोडायचा खटका होता. कॅमेरामनने 'स्पीड' म्हणायच्या आधी मी तो ओढला. सहा जणांचं अकरा दिवसांचं काम, आणि फिल्मवर आलेले दगड सुसाट पळणारे. कोणी ओरडलं नाही. संध्याकाळी आजोबा आणि मी साचे धुवायला घेतले. मोबाइलला वेग पकडायला वेळ लागत नाही, पण तरी रेकॉर्डिंग चालू केल्यावर मोठ्याने तीन आकडे मोजा आणि मगच पंप दाबा. सगळे हात एका ठेक्यावर येतात.

पाणी

पाण्याच्या थेंबाला कुठलंच गणित लागू होत नाही, थेंब थेंबाएवढाच राहतो. म्हणून लहान मॉडेलला पाणी शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर भांडी धुवायच्या साबणाचे काही थेंब घाला, पाणी जरा बारीक फुटतं. फेस होऊ देऊ नका. पाण्याखालचं दृश्य मात्र सोपं आहे. अँडरसन यांच्याच 'स्टिंगरे' मालिकेत पाणबुडी कोरड्या सेटवर तारांनी लटकत असे आणि कॅमेऱ्यासमोर काचेची अरुंद टाकी, तिच्यात खरे मासे आणि बुडबुडे. घरी फिश टँक असेल तर त्याच्या मागे सेट लावा आणि उजेड पाण्याच्या परातीतून हलवत सोडा.

ड्रायव्हर

ट्रकच्या काचेत बाहुली दिसणार असेल किंवा तुम्ही ट्रक सोडून बाहुल्यांकडेच वळणार असाल, तर वजनाचा नियम तिथेही चालतो.

थंडरबर्ड्सच्या बाहुल्या सुमारे ५६ सेंटीमीटर उंच, माणसाच्या एक तृतीयांश. केसासारख्या बारीक टंगस्टनच्या तारांवर त्या लटकत आणि वर उंच पुलावर उभे असलेले कलाकार त्यांना हलवत. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असायचे. त्याचे विजेचे झटके त्याच तारांतून डोक्यातल्या सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकापर्यंत, जायचे आणि खालचा ओठ शब्दाबरोबर हलायचा. ती यंत्रणा डोक्यात बसवायची म्हणून डोकी शरीराच्या मानाने मोठी. १९६७ च्या 'कॅप्टन स्कार्लेट' मालिकेत यंत्रणा छातीत नेली, डोकी माणसाच्या प्रमाणात आली. मला विचाराल तर जुनी मोठी डोकीच जास्त बोलकी होती. नव्या बाहुल्या रेखीव खऱ्या, पण हलवायला ताठ.

माझा पहिला बाहुल्यांचा खेळ कुडाळजवळच्या पिंगुळीचा, ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्यांचा. आजोळच्या देवळात कंदिलाच्या उजेडात पाहिलेला. लाकडी बाहुली जमिनीवर पाय आपटायची आणि फळीचा आवाज यायचा, म्हणून ती जिवंत वाटायची. स्लाऊकडच्या बाहुल्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच होता, चालणं. तारेवरची हलकी बाहुली चालताना जमिनीला टेकतच नाही, तरंगते. म्हणून तिथले लोक कमरेपासून वर दाखवत, पात्रांना गाडीत बसवत, सरकत्या खुर्च्या देत. तुम्हीही तसंच करा. कमरेवर चौकट धरा आणि बाहुली पुढे नेताना प्रत्येक पावलाला अगदी किंचित खाली आणा. पायांत लोखंडी नट बांधा. हात काही उचलणार असेल तर बाहुलीचा हात दाखवू नका. तसाच बाह्यांचा कपडा घालून माणसाचा हात जवळून घ्या. थंडरबर्ड्समध्ये बटणं दाबणारे हात माणसांचेच होते.

बोलणारी बाहुली डोकं हलवते, ऐकणारी पूर्ण स्थिर राहते. हे मोडलं की कोण बोलतंय ते कळत नाही. डोळ्यांवर पारदर्शक वार्निशचा एक थेंब द्या. कोरडे डोळे मेलेले दिसतात.

तारा लपवायच्या तर मागच्या पडद्याच्या रंगाने त्या रंगवा, वरून पावडर फुंकून चकाकी मारा, आणि मागून उजेड येऊ देऊ नका. हवेत उडणारं विमान असेल तर आमच्याकडे आणखी एक करत: मॉडेल उलटं टांगायचं, कॅमेराही उलटा. चित्रात तारा विमानाच्या खालून जातात आणि प्रेक्षक त्या वर शोधत राहतो.

भाच्याने गेल्या रविवारी दुसरा व्हिडिओ पाठवला. गच्चीवर, चार वाजताच्या उन्हात, १२० फ्रेमला, मोबाइल उलटा. ट्रक मळका, हौद्यात नट. कठडा तुटतो, ट्रक कलतो, एक क्षण तोल धरतो आणि जातो. खाली त्याच्या बहिणीने पंप दाबला आहे. धूळ बरोबर उठली. मी खुर्चीतून पुढे झाले.

एकच सांगितलं त्याला. शॉट लवकर कापला होतास. माती अजून हवेत होती. ट्रक थांबल्यावर काहीही न हलवता, पंखा बंद ठेवून, मनात वीसपर्यंत मोज. तेवढ्यात एखादं चाक सुटून घरंगळतं, वरून दोन खडे ओघळतात. ते सगळं घे. मग रेकॉर्डिंग बंद कर, आणि माती ब्रशने गोळा करून परत चाळून डब्यात भर.